भोंगाबाईंची सून नौदलात जाते

शाळेची बस चालवणाऱ्या या बाईंना भोंगाबाई हे नाव पोरांनी ठेवलं आणि ते त्यांना शोभून दिसायचं. रस्त्यात कुणी गाडी आडवी लावली की बाकीचे चालक काच खाली करून शिव्या द्यायचे. बाई काच वरच ठेवायच्या, हॉर्नवर तळहात दाबायच्या आणि समोरचा हलेपर्यंत उचलायच्या नाहीत. डेपोत चालकांच्या खोलीतही त्यांचा हाच खाक्या. डोकं तापायला त्यांना मोठं कारण लागायचं नाही. पिण्याच्या पाण्याच्या पिंपावर झाकण नाही, एवढं पुरायचं.

त्या वर्षी मात्र मोठी कारणं घरात चालून आली.

घर म्हणजे डेपोच्या मागच्या रस्त्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. तिथे त्या, त्यांची सून आणि चार वर्षांची नात अशा तिघी राहायच्या. मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला गेला होता. सुरुवातीला दर सुट्टीला यायचा, मग जमेल तेव्हा, मग जमेनासंच झालं. शेवटी एकदा त्याने फोनवर बायकोला सांगितलं, की संसारात आपल्याला गुदमरल्यासारखं होतं, थोडी मोकळीक हवी. हे ऐकलं आणि बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुदमरायला माणूस आधी घरात असावा लागतो, असं त्या त्याच फोनवर त्याला म्हणाल्या आणि वर आणखी बरंच म्हणाल्या. आपला तो बाब्या, लोकांचं ते कार्टं अशी म्हण आहे. बाईंनी ती आपल्या घरापुरती उलटी केली. पोटचा बाब्या कार्टं ठरला आणि परक्या घरातून आलेली पोरगी त्यांची झाली.

सून कमी बोलायची. जळालेल्या मोटारी पुन्हा भरायच्या एका दुकानात ती कामाला होती. पंख्याच्या, पंपाच्या, पिठाच्या गिरणीच्या मोटारी यायच्या. ती जुनी काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नव्या तांब्याच्या तारेचे वेढे एकाला एक लागून बसवायची. हात चांगला होता. पण मालक तिला मागच्या बाजूला, पडद्याआड बसवायचा. बाईमाणसाने मोटार भरली हे कळलं तर गिऱ्हाईक भाव पाडतं, असं त्याचं म्हणणं. गिऱ्हाईक आलं की तयार मोटार तो स्वतः उचलून बाहेर न्यायचा आणि आपण कशी मान मोडून काम केलं ते सांगायचा. भोंगाबाई एकदा त्या दुकानात जाऊन त्याच्याशी भांडल्या होत्या. सुनेनेच हात धरून त्यांना बाहेर काढलं.

एका संध्याकाळी पोरीला भरवता भरवता सून म्हणाली, की नौदलाच्या विद्युत विभागाची भरती होती, अर्ज केला होता, लेखी परीक्षा पास झाले. वयाच्या अटीत बसायचं हे शेवटचं वर्ष. आता धावण्याची चाचणी आणि वैद्यकीय तपासणी, मग प्रशिक्षण.

बाईंच्या हातातला चहा तसाच राहिला. आधी वाटली ती भीती, आणि भीतीचा राग व्हायला त्यांच्याकडे फारसा वेळ लागत नसे. परीक्षा होऊन गेली आणि घरातल्या माणसाला आज कळतंय? पाण्यावर राहायचं तर पोहता तरी येतं का?

"येतं," सून म्हणाली.

"कधी शिकलीस?"

"लग्नाआधी. तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

दोन दिवस बाईंनी भांड्यांचा आवाज करून काढले. मनात एकच प्रश्न फिरत होता: पोरीचं काय? पण हा प्रश्न सुनेला विचारायची त्यांची छाती होईना. कारण त्याचं उत्तर आपणच आहोत, हे त्यांना ठाऊक होतं.

धावणं हीच सुनेची पडती बाजू होती. जन्म स्टुलावर बसून गेलेला, दोन वळणं गेली की धाप लागायची. ती पहाटे उठून डेपोच्या मागच्या लांब रस्त्यावर पळायला जाऊ लागली. तिथे एका बाजूला गोदामाची भिंत, दुसऱ्या बाजूला ओसाड जमीन आणि दिवे जेमतेम. एक दिवस ती अर्ध्यातूनच परत आली आणि मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत बसली. बाईंनी खोदून विचारल्यावर कळलं, की मोटारसायकलवरची दोन पोरं तिच्या शेजारून हळूहळू गाडी चालवत होती. घाणेरडं बोलत होती. एकाने ओढणी ओढली.

"उद्यापासून गच्चीवर पळते," सून म्हणाली.

भोंगाबाईंचा विरोध संपला तो त्या क्षणी. इतके दिवस त्यांना सुनेने जाऊ नये असं वाटत होतं. पण तिने काय करू नये हे ती दोन कार्टी ठरवणार? रस्ता काय त्यांच्या बापाने बांधला होता? गच्चीवर गोल गोल पळायला ही काय घाण्याचा बैल आहे? बाईंनी गच्चीच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली आपल्याजवळ ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बस जरा लवकर बाहेर काढली. पहिला थांबा त्याच रस्त्याच्या टोकाला होता, तिथपर्यंत गाडी रिकामीच जायची. सून पुढे पळू लागली आणि तिच्यामागे दोन्ही दिवे लावून बसचं ते पिवळं धूड पहिल्या गिअरमध्ये सरकू लागलं. मोटारसायकलवाले आलेच. त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं आणि बाईंनी तळहात टेकवला. शेजारच्या चार इमारतींमधले दिवे लागले. ती पोरं पुन्हा त्या रस्त्याला फिरकली नाहीत. पण बाईंनी बस नेणं सोडलं नाही. सून दमून चालायला लागली की मागून इंजिनाची घरघर वाढायची. नंतर ती सांगायची, की प्रशिक्षकापेक्षा त्या इंजिनाची धास्ती जास्त होती.

डेपोच्या साहेबांनी बोलावून घेतलं. तक्रार आली होती, की शाळेची बस खासगी कामाला वापरली जाते. बाई म्हणाल्या, की गाडी त्याच रस्त्याने जाते, त्याच थांब्याला पोचते, फक्त सावकाश जाते. शाळेची बस सावकाश चालवा, असं याच खोलीत भिंतीवर लिहून ठेवलंय. साहेबांनी भिंतीकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि हॉर्न तेवढा वाजवू नका म्हणाले.

सून चाचणी पास झाली आणि मग खरी डोकेदुखी सुरू झाली. बातमी फुटायला वेळ लागत नाही. ज्यांनी वर्षभरात या घराचा जिना चढला नव्हता, ते सगळे एकेक करून चढले. पहिल्या आल्या त्या बाईंच्या थोरल्या नणंदबाई. धापा टाकत खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या आणि सुनेसमोरच म्हणाल्या, की चार वर्षांचं लेकरू टाकून जाणारी बाई आपण आजवर पाहिली नाही. आईचं काळीज असतं की दगड? आणि सासूने तरी अडवायला नको? उद्या लोक म्हणतील, मुलाचा संसार आईनेच मोडला.

सून उठून आत गेली. बाई शांतपणे म्हणाल्या, "वन्सं, तुमचा भाऊ ट्रक चालवायचा."

नणंदबाईंना संदर्भ लागेना.

"लांबच्या फेऱ्या असायच्या. महिनोन् महिने घरात नसायचा. माझं बाळंतपण झालं तेव्हा नव्हता, पोराला गोवर आला तेव्हा नव्हता. तेव्हा तुम्ही याच खुर्चीत बसून काय म्हणायचात? बिचारा घरासाठी किती राबतो, म्हणायचात. डोळ्याला पदर लावायचात. लेकरू टाकून गेला असं एकदा तरी म्हणालात?"

"पुरुषाची गोष्ट वेगळी," नणंदबाई म्हणाल्या.

"वेगळी कशी ते सांगा. मी बसलेय."

उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढाच नणंदबाईंचा व्यवहार. त्या चहा न घेता उठल्या आणि जिन्यातून उतरताना प्रत्येक मजल्यावर कुणाशी तरी थांबून बोलल्या. ते सगळं वर ऐकू येत होतं.

पण एकट्या असल्या की बाईंच्या मनाला एक वेगळीच टोचणी असायची. ती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. एक मूल आपण एकटीने वाढवलं, आणि ते हे असं निघालं. बापाची उणीव भासू नये म्हणून त्याला बसल्या जागी ताट दिलं, त्याचं पांघरूणसुद्धा त्याला कधी घडी करू दिलं नाही. आता दुसरं मूल याच हातांत येतंय.

सून जायच्या आदल्या दिवशी मुलगा आला. कुणी बोलावलं नव्हतं. आत्याने फोन केला होता. नवी दाढी ठेवलेली, पाठीवर महागडी पिशवी. पोरगी त्याला बघून आजीच्या मागे लपली. सून जमिनीवर बसून सामान भरत होती. एकच छोटी पिशवी चालणार होती, तिच्यात काय जाणार नाही याचाच ढीग मोठा झाला होता.

तो खुर्चीत बसला आणि बोलू लागला. आपल्याला न विचारता हे ठरलंच कसं? बायको बराकीत राहणार, परक्या पुरुषांबरोबर बोटीवर जाणार, आपल्याला हपिसात लोक काय म्हणतील? अजून आपण कायद्याने नवरा आहोत. आणि जायचंच असेल तर जा, पण मुलगी इथे राहणार नाही. आई थकली. मुलीला मी घेऊन जातो.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. सुनेचे हात पिशवीवरच थांबले.

भोंगाबाई उठल्या. त्यांनी कपाट उघडून पोरीचे फ्रॉक काढले, स्वेटर काढला, दम्याचं औषध काढलं आणि एकेक वस्तू मुलाच्या पुढ्यात मांडली.

"ने," त्या म्हणाल्या. "आत्ताच ने. हे औषध रात्री झोपताना, छातीत घरघर वाजली तर पुन्हा एकदा. रात्री दचकून उठते, तेव्हा शेजारी कुणीतरी लागतं. दूध सायीशिवाय. सकाळी शाळेत तूच सोडायचंस, दुपारी तूच आणायचंस. चल, तिची चप्पल घाल पायात."

मुलगा त्या ढिगाकडे बघत राहिला. मग म्हणाला, की आत्ता लगेच कसं जमेल. आपण एका मित्राबरोबर खोलीत राहतो. आधी मोठी जागा बघावी लागेल. पुढच्या वर्षी वगैरे बघू.

"मग आज काय न्यायला आला होतास?"

त्याने फोन काढून त्यात बघायला सुरुवात केली. जेवायलाही थांबला नाही. दार लागल्यावर बाईंना वाटलं, आता सून हसेल, निदान हुश्श तरी करेल. पण ती उभी राहिली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिचा आवाज चढला.

"तो हो म्हणाला असता तर?"

"तो? तो कसला नेतोय."

"हो म्हणाला असता तर, आई? तुम्ही माझी मुलगी उचलून त्याच्या पुढ्यात ठेवलीत. तुमचं भांडण जिंकायला. उद्या मी जाणार, परवा तुमचं असंच डोकं फिरलं आणि तो खरंच घेऊन गेला, तर मी तिथून काय करणार? मला तर फोनसुद्धा मिळणार नाही."

आपण मुलाला ओळखतो, असं बाईंना म्हणायचं होतं. पण तो घर सोडून जाईल हेही त्यांना ओळखता आलं नव्हतं. सुनेने फ्रॉक पुन्हा घड्या करून कपाटात ठेवले.

सकाळी भरती कार्यालयाच्या आवारात नौदलाची निळी बस उभी होती. निरोप द्यायला आलेल्या लोकांसाठी दोरी बांधली होती आणि दोरीच्या अलीकडे सगळे आईबाप माना उंचावून उभे होते. गणवेशातली एक तरुण बाई मुलांना रांगेत उभं करत होती, आणि एवढ्यातच तिचा सूर असा लागला होता, जणू सगळ्यांनी तिचं काही चोरलंय. भोंगाबाईंना चीड आली. अजून बसमध्येही बसली नाहीत, तोवर ओरडताय कशाला? बसायला बाक नाहीत, प्यायला पाणी नाही. एका म्हाताऱ्याला उन्हात उभं केलंय. त्या हे मोठ्याने बोलत होत्या, आजूबाजूचे माना डोलावत होते. पण ते सगळं बोलणं खरं तर एका वाक्याभोवती फिरत होतं, आणि ते वाक्य त्या पुढे ढकलत होत्या.

रांग हलली. सून पोरीला कडेवरून उतरवून दोरीपलीकडे गेली. बाईंनी दोरीवरून हात लांब करून तिच्या पिशवीचा बंद पकडला.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "काल. पुन्हा तिला कुणापुढे ठेवणार नाही. तोंडदेखलंसुद्धा नाही."

सुनेने त्यांच्याकडे बघितलं. "औषध संपत आलंय," ती म्हणाली. "आज आणा." आणि गणवेशातल्या बाईने आवाज दिला म्हणून ती पळत गेली.

त्यानंतर एक फोन आला. संध्याकाळी भाजी चिरताना वाजला. पलीकडून सून कागदावरचं वाचल्यासारखं बोलली: मी पोचले, मी ठीक आहे, सामान घरी पाठवलं जाईल, पुढचा फोन केव्हा येईल ते सांगता येत नाही. आणि फोन बंद. बाईंनी त्याच नंबरवर पुन्हा पुन्हा फोन केला, कुणी उचलला नाही. तुरुंगातल्या माणसालाही भेटता येतं, असं त्या दुसऱ्या दिवशी डेपोत साहेबांपासून गाडी धुणाऱ्यापर्यंत सगळ्यांना सांगत होत्या. नौदलाने देश राखावा, पण एका आईला पोरीशी चार शब्द बोलू दिले तर समुद्र आटणार आहे का? मागाहून एक खोकं आलं. त्यात सुनेचे घरून घालून गेलेले कपडे आणि चपला होत्या. इतका मुकाट राग बाईंना कधी आला नव्हता.

पोरीला सांभाळणं जमत गेलं. पहाटे तिला झोपेतच उचलून बसमध्ये चालकाच्या मागच्या सीटवर निजवायचं, मग फेरी करून शाळेत सोडायचं. साहेबांनी ते पाहूनही पाहिलं नाही. पुढचा फोन आला तेव्हा सून रडवेल्या आवाजात पोरीचं नाव घेत राहिली आणि पोरीने तोंड फिरवलं. बोलायचं नाही म्हणाली. बाईंनी तिला दटावलं नाही. हिलाही रागवायचा हक्क आहे, असं त्यांनी सुनेला फोनवर सांगितलं. त्यावर सून थोडी हसली आणि मग नाक ओढत म्हणाली, की रागावू द्या, बोलली नाही तरी फोन तिच्या कानाला लावत जा. आणि बाईंनी विचारायच्या आत तिने दोन वाक्यांत सांगितलं, की पाय सोलून निघालेत, पण मोटारींच्या तासाला शिकवणाऱ्याने आपला हात बघायला सगळ्या वर्गाला टेबलाभोवती गोळा केलं. पडद्याआड नाही, आपल्याला मधोमध उभं केलं.

प्रशिक्षण संपल्याच्या संचलनाला दोघांना बोलावणं होतं. बाई आणि पोरगी रात्रभर प्रवास करून गेल्या. फाटकाशी पोचतात तो काय, दाढी नीट कातरून, इस्त्रीचा शर्ट घालून मुलगा उभा. हातात फुलं. आत्याने कळवलं होतं.

"आई, मला आत घे ना," तो म्हणाला. "पहारेकरी सोडत नाही. माझीच बायको आहे आणि मलाच सोडत नाही."

त्याच्या फोनवर सकाळपासून अभिनंदनं येत होती. सुनेचा गणवेशातला फोटो त्याने कुठूनसा मिळवून लावला होता आणि खाली लिहिलं होतं, की माझ्या पाठिंब्याचं चीज झालं. नणंदबाईंनी तर आपल्या सगळ्या गोतावळ्यात सांगितलं होतं, की आमच्या घराण्यात मुलींना कधी अडवलं नाही. नावं ठेवली तेव्हा आला नव्हता इतका संताप बाईंना या कौतुकाचा आला. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला सगळी तय्यार.

हॉर्न नव्हता, नाहीतर वाजवला असता. त्या एवढंच म्हणाल्या, "दोघांना परवानगी आहे. एक मी. एक ही. तुला मोकळीक हवी होती ना? बाहेर भरपूर आहे."

आणि नातीचं बोट धरून त्या आत गेल्या. मागे वळून बघितलं नाही, पण बघावंसं वाटलं नाही असंही नाही. फुलं धरून उभा होता तो त्यांचाच मुलगा होता.

संचलनात सगळ्या टोप्या सारख्याच दिसत होत्या. बाईंनी भलत्याच मुलीसाठी टाळ्या वाजवल्या. कार्यक्रम संपून सून समोर येऊन उभी राहिली तेव्हा पोरीने आधी आईच्या कापलेल्या केसांकडे बघितलं, मग बुटांकडे, आणि आजीच्या पायाला बिलगली. सून खाली बसली. हात पुढे केला नाही, नुसती बसून राहिली. बऱ्याच वेळाने पोरीने जवळ जाऊन तिच्या छातीवरच्या बिल्ल्याला नख लावून पाहिलं. तेवढंच.

संध्याकाळपर्यंत सुट्टी होती. बंदर बघू, चांगलं कुठेतरी जेवू, असे बेत बाईंनी केले होते. पण आवाराबाहेरच्या बागेत बाकावर टेकताच सून मान टाकून झोपली, तोंड उघडं ठेवून. पोरीने तिच्या मांडीवर चढून बसायला जागा केली. पांढऱ्या शर्टावर सुरकुत्या पडत होत्या आणि बाई त्या पडू देत होत्या.

पर्समधला फोन वाजला. नणंदबाई होत्या. अभिनंदन करायचं होतं, सुनेशी बोलायचं होतं, सगळी मंडळी शेजारीच बसलीयेत, फोन स्पीकरवर लावलाय म्हणाल्या.

"झोपलीये ती," भोंगाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

"मग जरा उठव की. दोन मिनिटं."

"नाही उठवणार," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग उठून बाकाच्या अशा बाजूला उभ्या राहिल्या, की सुनेच्या तोंडावरचं ऊन अडावं. उभ्या उभ्याच त्या बागेत बाक एवढे थोडे का, म्हणून पुटपुटत राहिल्या.